किल्लारीला काय पाठवायचं?

कुणी शेंगा फोडत असेल, कुणी वाती वळत असेल. हात चालू द्या, कान इकडे द्या. आज १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाबद्दल बोलायचं आहे. पडलेल्या घरांची वर्णनं तुम्ही पुष्कळदा ऐकली असतील. मी बोलणार आहे मदतीबद्दल. लांबच्या माणसावर संकट आलं की आपण इथून काय पाठवतो, ते तिथे पोचल्यावर त्याचं काय होतं, आणि तिथे काय हवं आहे ते खरं कुणाला माहीत असतं.

त्या वर्षी अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला आली होती. गणपती बोळवून लोक उशिरा घरी आले आणि झोपले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी, उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं सास्तूर, आणि भोवतालची गावं. ५२ गावं पार जमीनदोस्त झाली. सरकारी आकडा जवळजवळ ८ हजार मृतांचा आहे. दुसरे अंदाज १० हजारांच्या घरात जातात. हादरा पुण्या-मुंबईपर्यंत जाणवला होता.

आदल्या वर्षी, १९९२ च्या पावसाळ्यात, किल्लारीला लहान लहान धक्के बसत होते. लोक घाबरून बाहेर झोपायला लागले होते. मग धक्के थांबले आणि माणसं पुन्हा घरात गेली. घर सोडून किती दिवस राहणार?

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण ती आपल्या जिल्ह्यालाही लागू आहे. भूकंपाचं माप ६.४ च्या आसपास होतं. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि माणसं वाचतात. इथे घात केला भिंतींनी. दोन-तीन फूट जाड भिंत, आतून एक आणि बाहेरून एक असे दगडांचे दोन थर, मधे भर, सगळं मातीत बांधलेलं. वर लाकडी तुळया आणि त्यावर दरवर्षी थोडी थोडी चढवलेली माती. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. माळवदाचं घर म्हणजे प्रतिष्ठेचं घर. हलल्यावर भिंतीचे दोन्ही थर एकमेकांपासून सुटले आणि वरची सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. पाथर्डी, जामखेड, कर्जतच्या बाजूला अशी जुनी घरं तुम्ही पाहिली असतील. काही जणी त्यातच राहत असाल.

मी तेव्हा नगरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलं होतं. ही योजना गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली. पहिल्या वर्षी ३७ विद्यापीठांतले ४० हजार विद्यार्थी तिच्यात होते. १९७३ मध्ये, दुष्काळ सगळ्यांना आठवत असेल, देशभर विद्यार्थ्यांनी दुष्काळाशी सामना म्हणून शिबिरं घेतली. म्हणजे आमच्या आधीच्या पिढीने हे केलेलंच होतं. आमच्या वर्षी २४ तारखेचा कार्यक्रम होऊन सहा दिवस झाले नाहीत तोच आकाशवाणीवर बातमी आली.

आम्ही डबे घेऊन गल्लोगल्ली फिरलो. पैसे जमले, धान्य जमलं, आणि कपडे तर इतके जमले की एक खोली भरली. लोकांनी मनापासून दिलं, यात शंका नाही. एका म्हातारीने पदराची गाठ सोडून पाच रुपये दिले, ती नोट मला अजून डोळ्यांसमोर दिसते. पण कपड्यांच्या ढिगात काय नव्हतं? बिनबटणांचे शर्ट, एकेकटे मोजे, लग्नातला कोट, लहान मुलींचे झालरीचे फ्रॉक, नायलॉनच्या साड्या. आमची मुलींची तुकडी दोन दिवस निवडत बसली होती.

शनिवारी मी धान्यासाठी माहेरी, पारनेर तालुक्यात गेले. आईला शाळेचं तोंड माहीत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "रातच्याला घरातून पळालेल्या बाईच्या अंगावर काय असंल?"

मी म्हटलं, "नेसलेलं लुगडं."

"ते बी मातीत माखलेलं. मग तिला आधी काय लागंल?"

मग ती सांगत गेली आणि मी वहीत लिहीत गेले. नऊवारी सुती लुगडं, कारण तिकडच्या मोठ्या बायका नऊवारीच नेसतात. परकर, आणि नाडीची सोय. पोलक्याचं कापड, शिवलेलं पोलकं नको, माप कुणाचं कुणाला येतं? सुई-दोरा. तवा आणि काटवट, कारण पीठ पोचलं तरी भाकरी हातावर भाजत नाही. दोन जुनी, मऊ, स्वच्छ धुतलेली सुती लुगडी फाडून केलेले तुकडे, आणि ते कशाला हे मला सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, एक कुंकवाची डबी पण टाकू. आई म्हणाली, "कुंकू ठिवू नको. कुणाचं काय झालंय आपल्याला ठाव नाय."

मैत्रिणींनो, पुढे मी पुनर्वसनावरचे अहवाल वाचले, भाषणं ऐकली. त्या वाक्याच्या तोडीचं क्वचितच काही सापडलं.

किल्लारीत त्या दिवसांत काय चाललं होतं? भूकंपापाठोपाठ पाऊस आला. लष्कर, पोलीस, डॉक्टर, स्वयंसेवक ढिगारे उपसत होते. आणि त्याच रस्त्यांवर बघ्यांची झुंबड. दूरदूरहून लोक गाड्या करून पडलेली गावं बघायला आले, इतके की मदतीच्या गाड्या अडायला लागल्या. कपड्यांचे ढीग पावसात भिजले. वाटायचे कसे, कुणाला, हे ठरवायला तिथे माणूसच मोकळा नव्हता. असं फक्त किल्लारीला झालं असं नाही. २००१ मध्ये कच्छला झालं, २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर झालं. देणाऱ्याच्या मनात दया असते आणि कपाटात जागा हवी असते. दोन्ही एकाच गाठोड्यात बांधली जातात.

कापडावरून एका विद्यार्थ्याची हकिकत सांगते. ऑक्टोबर १९९१ मध्ये हिमालयात उत्तरकाशीला भूकंप झाला. अंशू गुप्ता नावाचा तरुण तेव्हा दिल्लीत पत्रकारितेचं शिक्षण घेत होता. तो तिकडे मदतीला गेला. पुढे १९९९ मध्ये त्याने घरातल्या ६७ कपड्यांपासून 'गूंज' ही संस्था सुरू केली. शहरात टाकून दिलेलं कापड निवडायचं, दुरुस्त करायचं, आणि गावात जिथे जे लागेल तिथे तेच पोचवायचं. जुन्या सुती कापडाचे पाळीसाठी स्वच्छ पॅड करणं हे त्यांचं मोठं काम. त्सुनामीनंतर पडून राहिलेल्या कपड्यांचे डोंगर उपसून कामाला लावले ते याच संस्थेने. २०१५ मध्ये अंशू गुप्तांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझ्या आईने चुलीपाशी बसून सांगितलं ते आणि या माणसाने देशभर उभं केलं ते, दोन्हींचं मूळ एकच वाटतं मला: बाईच्या अंगाला काय लागतं, हे कुणीतरी विचारलं.

थोडं मागे जाऊ. आपण नेहमीच देणाऱ्या बाजूला होतो असं नाही. नगर जिल्हा दुष्काळाचा. सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला नगरला मिस सिंथिया फरार यांच्याकडे येऊन गेल्या होत्या, हे तुम्हाला माहीत असेल. १८७६-७७ च्या दुष्काळात त्या ओतूरला होत्या. ओतूर म्हणजे जुन्नर तालुका, आपल्या पारनेर-अकोल्याच्या शेजारचा. २० एप्रिल १८७७ ला तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. जनावरं मरून पडताहेत, माणसं गाव सोडून चाललीत, असं सगळं त्यात आहे. सत्यशोधक मंडळींनी अन्नछत्रं चालवली आणि उघड्यावर पडलेल्या मुलांसाठी पुण्याजवळ धनकवडीला बालाश्रम काढला. नगरला शिकून गेलेली एक बाई दुष्काळात गावोगाव फिरून बघते आणि बघितलेलं लिहून कळवते. मदतीची पहिली पायरी ती हीच, असं मला वाटतं.

नंतर १८९९-१९०० चा दुष्काळ. तेव्हा लांबचे लोक म्हणजे अमेरिकेतले, आणि संकटातले लोक म्हणजे आपण. 'ख्रिश्चन हेरल्ड' नावाच्या तिकडच्या साप्ताहिकाच्या वाचकांनी पैसे जमवून मका घेतला, जहाजाचं भाडं त्यांच्या सरकारने भरलं, आणि १९०० मध्ये न्यूयॉर्कहून 'क्विटो' ही आगबोट सुमारे २ लाख बुशेल मका घेऊन मुंबईला आली. एक बुशेल मका म्हणजे साधारण २५ किलो. हिशोब करा, ५० हजार क्विंटल होतो. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम यांना दुष्काळातल्या कामासाठी सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. पोरक्या मुलांना मिशनने इथे विणकामासारखे धंदे शिकवले. ज्वारी-बाजरी थापणाऱ्या हातांनी त्या परदेशी मक्याचं काय केलं असेल, कसा दळला असेल, भाकरी वळली असेल का, याचा मी पुष्कळदा विचार करते. कुणी त्या बायांचं म्हणणं लिहून ठेवलं असतं तर आज किती कामाला आलं असतं.

आता पुन्हा किल्लारी. कपडे आणि धान्य हे पहिल्या पंधरवड्याचं. खरी मदत पुढची पाच-सहा वर्षं चालली. काही संस्थांनी मुलांचं पाहिलं: भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली, राष्ट्र सेवा दलाने नळदुर्गला 'आपलं घर' काढलं, ज्ञान प्रबोधिनीने हराळीला निवासी शाळा सुरू केली. गाड्या भरून आलेल्यांपैकी जे थांबले, त्यांची नावं आजही तिकडे घेतली जातात. आणि एक गोष्ट फार कमी बोलली जाते. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या कितीतरी आयांची मुलं त्या रात्री गेली. त्यातल्या अनेकींनी ती शस्त्रक्रिया उलटवून घेतली आणि पुन्हा आई झाल्या. यासाठी कुठल्या ट्रकमधून काय पाठवणार होतो आपण?

सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम घेतला. ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली. घर केवढं मिळणार ते जमिनीवर ठरलं: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या जमीनदाराला ७५०. मला हे तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं. भूकंपाने सातबारा बघून भिंती पाडल्या नव्हत्या. नवी गावं शहरासारखी आखली, सरळ रुंद रस्ते, रांगेत घरं. पण जनावरं कुठे बांधायची, सरपण कुठे रचायचं, न्हाणी कुठे, शेजारीण हाकेच्या अंतरावर राहिली का, हे प्रश्न नकाशात नव्हते. ज्यांना ते माहीत होते त्यांना नकाशा काढताना बोलावलंच नव्हतं.

मग दुसरा, मोठा भाग आला. नवी गावं थोडी. पण तडे गेलेली, अर्धवट पडलेली घरं लाखांत होती. ती जागेवरच दुरुस्त करून मजबूत करायची, पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाला द्यायचे, काम त्याने करून घ्यायचं. गावोगाव अभियंते पुरणार नव्हते. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेला लोकसहभागाचं काम मिळालं, आणि संस्थेने सरकारला पटवून दिलं की हे काम गावातल्या महिला मंडळांकडून करून घ्या. हजारहून जास्त गावांत बायका 'संवाद सहायक' झाल्या.

काम काय? घरोघर जाऊन योजना समजावायची. हप्ता का अडला ते तालुक्याला जाऊन विचारायचं. सिमेंट नीट मिळतंय का बघायचं. आणि गवंड्याच्या डोक्यावर उभं राहायचं! भिंतीत दर थोड्या अंतरावर आरपार जाणारा लांब दगड घातला का, म्हणजे दोन थर सुटणार नाहीत. छताखाली चारही भिंतींवरून फिरणारा सळई-सिमेंटचा पट्टा घातला का, म्हणजे घर पेटीसारखं बांधलेलं राहील. माळवदावरची जास्तीची माती उतरवली का. ज्या बाईने कधी पुरुषांच्या बैठकीत तोंड उघडलं नव्हतं ती गवंड्याला म्हणायला लागली, हा दगड काढ, लांब दगड घाल. सुरुवातीला गवंडी हसले असतील. पण हप्ता सोडायच्या आधी काम बघितलं जायचं, तेव्हा हसून भागत नव्हतं.

आपल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच वेगळ्या क्षेत्रात दाखवलं होतं. कमी शिकलेल्या, कधी अजिबात न शिकलेल्या बायकांना त्यांनी गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या केलं आणि त्यांनी बाळंतपणं सांभाळली, बालमृत्यू कमी केले. म्हणून मला लातूर-धाराशिवच्या बायकांचं नवल वाटलं नाही, अभिमान वाटला.

२६ जानेवारी २००१ ला सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छ हादरलं. भुज, भचाऊ, अंजार. अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली शाळेतली मुलं अरुंद गल्लीत भिंतींखाली सापडली. पुन्हा देशभरातून गाड्या निघाल्या, पुन्हा कपडे रस्त्याकडेला पडले. पण या वेळी मराठवाड्यातून आणखी एक गोष्ट गेली. किल्लारीच्या भागातल्या, संवाद सहायक म्हणून काम केलेल्या बायका कच्छला गेल्या. भाषा वेगळी, पेहराव वेगळा. पण घर पडलेल्या बाईशी बोलायला आलेली बाई स्वतःचं घर पडताना बघितलेली होती. त्यांनी सांगितलं ते असं: घाईने घर बांधू नका, आधी एकत्र बसा. हप्त्याची कागदं स्वतः वाचा, नाहीतर वाचवून घ्या. गवंड्याला काय विचारायचं ते शिका. पुढे त्सुनामीनंतर तामिळनाडूतही या बायकांचा अनुभव पोचला. आठ वर्षांपूर्वी ज्यांच्यासाठी आम्ही नगरला डबे वाजवत फिरत होतो, त्याच आता दुसऱ्या राज्यात शिकवायला निघाल्या होत्या, आणि त्यांच्या पिशवीत कपडे नव्हते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, तेव्हाचं सांगते. आपल्याकडे त्याच उन्हाळ्यात चारा छावण्या लागल्या होत्या. पाणी नाही म्हणून रडणारे आपण, पाण्यात बुडालेल्यांच्या बातम्या बघत होतो. आमच्या गटातली एक मुलगी कॉलेजला जाते. ती म्हणाली, टेम्पो भरायच्या आधी फोन करू. शिरोळकडच्या एका बचत गटाचा नंबर मिळवला. तिकडची बाई म्हणाली, "ताई, चपात्यांचा खच पडलाय, आता नको. पाणी ओसरलं की घरात गुडघाभर गाळ राहील. खराटे पाठवा, चुना पाठवा, फिनेल पाठवा. पोरींसाठी पॅड पाठवा. आणि जनावरांना कोरडा चारा."

चारा म्हटल्यावर आमच्या बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. आमच्याच गोठ्यात काडी मोजून टाकत होतो. शेवटी चाऱ्याऐवजी प्रत्येकीने पन्नास रुपये काढले. एक म्हातारी म्हणाली, "माझे शंभर घ्या, मागच्या दुष्काळात माझी गाय छावणीत जगली, ते कुणाचे पैसे होते मला कुठं माहिती." खराटे गावातच बांधून घेतले, चुना नगरहून आणला. पोचल्याचा फोन आला तेव्हा तिकडून त्या बाईने एकच प्रश्न विचारला: खराटे इतके घट्ट कुणी बांधलेत?

पुढच्या भागात एका अनुभवी गवंड्याला बोलावलं आहे. माळवदाच्या जुन्या घराची भिंत धोक्याची झाली आहे का, ते बाहेरून कसं ओळखायचं, हे त्यांच्याकडून ऐकू. तुमच्या घराच्या भिंतीला पोट आलं असेल, कोपऱ्यात तडा असेल, तर तेवढं बघून ठेवा आणि प्रश्न लिहून पाठवा. नमस्कार.